फ्लेक्सवरची ब्राह्मी

माधवनगरच्या पेठेत, बस्तीकडं, म्हणजे जैन मंदिराकडं वळायच्या कोपऱ्यावर ब्राह्मीचा फ्लेक्स लागला, तेव्हा तिच्या बापानं मान वर करून बघितलं आणि विचारलं, "ही कुणाची पोरगी रं?"

शिडीवरचा फ्लेक्स बांधणारा हसला. "आण्णा, चेष्टा करता व्हय? तुमचीच की!"

बाहुबली आण्णा चेष्टा करणाऱ्यांतला माणूस नव्हे. फ्लेक्सवरच्या मुलीचे गाल बसलेले, हनुवटी टोकदार, मान लांबसडक. डोळे तेवढे ब्राह्मीचे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कु. ब्राह्मी हिच्या दशलक्षण पर्वातील दहा उपवासांची हार्दिक अनुमोदना.' आता उपवास अजून संपायचे होते, पोरगी घरात चटईवर पडून होती, आणि फ्लेक्सच्या दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरवर तिला आधीच बारीक करून टाकलेलं. त्याला तसं करायला सांगितलं कुणी? तिच्या सख्ख्या आईनं. फोन करून म्हणाली, "चेहरा जरा कमी कर रं बाबा, चारचौघांत लागणार हाय."

हे सगळं कुठून सुरू झालं ते नीट सांगायला पाहिजे, न्हाईतर लोक पोरीलाच नावं ठेवतील. तशी ठेवलीच म्हणा.

आण्णांचं पेठेत रेडिमेड कपड्यांचं दुकान. समोरच्या बाजूला ड्रेस, मागं थोडे कापडाचे तागे, आणि कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायल रूम. आसपासच्या गावातल्या पोरी सणावाराला इथंच यायच्या. आणि आण्णांच्या एकुलत्या एका पोरीला त्या दुकानातला एकही ड्रेस होत नव्हता. ब्राह्मी अकरावीत. गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची, एकदा हसायला लागली की डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत न थांबणारी. लहान होती तोवर सगळ्यांनी गाल ओढून ओढून लाड केले. आठवीत गेल्यावर तेच गाल घरादाराच्या डोळ्यांवर आले.

आई कस्तुरी गल्ल्यावर बसायची. तिच्या गळ्यात कायम मापाची टेप. गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "आपल्याच दुकानातलं आपल्याच पोरीला होईना, सांगायचं कुणाला?" गिऱ्हाईक हसायचं, ब्राह्मीपण हसायची. काय करणार? ताटातली चपाती आईनं कोरडी केली, भात बंद केला, तूप कपाटात वर ठेवलं. पाहुणे आले की ठरलेलं वाक्य यायचं, "खात्यापित्या घरची दिसतीय." मग ब्राह्मीला आतून काहीतरी आणायला पाठवायचे, आणि ती पाठमोरी झाली की आवाज खाली जायचे. पोरींच्या पाठीलाही कान असतात, हे मोठ्या माणसांना कधी कळणार कुणास ठाऊक.

या सगळ्यात तिला एक जागा मोकळी होती, आणि ती होती सांगलीला क्लासला जाताना, भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये. तिथं माणसं एकावर एक कोंबलेली असतात, म्हणून आधी तिला त्या गर्दीचीच भीती वाटायची. पण सम्मेद तिच्यासाठी जागा धरायचा. सम्मेद बस्तीमागच्या गल्लीतला, तिच्याच क्लासचा, बस्तीतल्या पोरांच्या झांजपथकात झांज वाजवणारा. येताना भडंगाचा, तिखट चुरमुऱ्यांचा पुडा घ्यायचा. ब्राह्मीच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, म्हणून तो आधी लसणाचे तळलेले तुकडे एकेक वेचून स्वतः खायचा आणि मग पुडा तिच्यापुढं करायचा. "पाप सगळं मला लागू दे, तू निवांत खा," म्हणायचा. ब्राह्मी अशी हसायची की ड्रायव्हर आरशातनं मागं बघायचा.

तिचं त्याच्यावर प्रेम बसलं. लपवण्यात काय अर्थ आहे? बसलं. रात्री दिवा मालवताना त्याचं नाव मनात यायचं आणि सकाळी वेणी घालताना परत यायचं.

श्रावणातल्या एका दिवशी सिद्धू नावाचा त्याचा मित्र जीपमध्ये चढला. ब्राह्मीकडं बघून म्हणाला, "सम्मेद, गड्या, तू ही सीट धरतोस, आमी काय टपावर बसायचं?" सगळी जीप हसली. सम्मेदपण हसला. ब्राह्मी बघत होती, तो हसला. उतरल्यावर मात्र त्यालाच कसंतरी झालं असावं. तिच्याबरोबर चालत राहिला आणि म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. तू थोडी बारीक झालीस न्हवं, तर अख्ख्या क्लासात तुझ्यासारखी कोण न्हाई."

तो बरं वाटावं म्हणूनच बोलला. पण त्या वाक्यातला 'तर' तिनं घरी नेला.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. जैनांच्या घरात या दहा दिवसांत कुणी एकवेळ जेवतं, कुणी एखादा उपवास धरतं. सगळे दहा धरणारा गावात एखादाच. काही खायचं नाही, दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बास. शेवटी त्याची मिरवणूक निघते, लोक पाया पडतात, 'अनुमोदना' म्हणून तपाला दाद देतात, मग पारणं. ब्राह्मीनं जाहीर केलं, "मी सगळे करणार."

कस्तुरी लगेच म्हणाली, "कर की, चांगलं हाय." आणि त्याच दिवशी दुकानातला जांभळा ड्रेस काढून तिच्या खोलीत टांगला, ब्राह्मीच्या मापापेक्षा दोन माप लहान. म्हणाली, "पारण्याला हाच घालायचा."

देवाचं नाव पुढं करून काय चाललंय ते दोघींनाही कळत होतं, आणि दोघींनीही तोंड उघडलं नाही.

घरात आण्णांची थोरली बहीण होती, प्रियदर्शनी. सगळे तिला अक्का म्हणायचे. नवरा गेल्यापासून माहेरीच. बस्तीच्या पाठशाळेत पोरांना शिकवायची. अक्का दर वर्षी उपवास करायची आणि दर वर्षी होती तशीच जाडजूड राहायची. बायका पदराआड हसायच्या, "अक्कांना उपवास मानवतो बघा." अक्काला त्याचं काही नव्हतं. ती बस्तीत डोळे मिटून बसली की तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान असायचं की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

पर्व सुरू झालं. ब्राह्मी रोज सकाळी अंघोळ झाली की वजनकाट्यावर उभी राहायची. एकदा अक्का दारात येऊन थांबली.

"उपवासाला वजनकाटा कशाला लागतोय गं?"

ब्राह्मी खाली उतरली. अक्कानं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि ती निघून गेली.

पुढं पुढं पोरीला उभं राहवेना. कान वाजायचे, जीभ कोरडी पडायची, हात गार. बायका बघायला यायच्या, तिचा हात कपाळाला लावायच्या, म्हणायच्या, "केवढी भक्ती या वयात!" आजवर जिच्या खाण्यावर बोलले, तिच्या न खाण्यावर सगळं गाव खूश झालं. फ्लेक्स लागला त्या दिवशी ती मोरीच्या दारात चक्कर येऊन पडली. भिंत लागून भुवईवर खोक पडली.

अक्का धावली. तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "सोडायचा उपवास. आत्ताच्या आत्ता. मुगाचं पाणी आणा."

"अवो अक्का, मिरवणूक ठरलीया," कस्तुरी म्हणाली. "सोयरे येणार हैत. फ्लेक्स लागलाय. आता सोडला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांनी सांगितलाय व्हय उपवास? पोरगी हाय ती, कस्तुरी!"

आण्णा दोघींच्या मधे उभे होते. त्यांनी बायकोकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं आणि पंखा लावला. एवढंच सुचलं त्यांना. शेवटी ब्राह्मीच बोलली, "राहू दे अक्का, थोडंच राहिलंय." तिला मिरवणूक दिसत होती. झांजपथक, पथकात सम्मेद, आणि जांभळ्या ड्रेसमधली आपण. त्यानं एकदा बघायला पाहिजे होतं. बास, एकदा.

मिरवणूक निघाली. फुलं लावलेली उघडी जीप, मागं हार घातलेली ब्राह्मी, भुवईवरच्या पट्टीवर ओढणी ओढलेली. जांभळा ड्रेस झाला. अंगाला बसला, नीट बसला! पेठेतल्या दुकानांच्या काचांत ती स्वतःला बघत होती आणि प्रत्येक काचेत दुसरीच कुणीतरी बसलेली दिसत होती. झांजा वाजत होत्या. सम्मेद पहिल्या रांगेत, पांढऱ्या कुडत्यात, घामानं भिजलेला. बस्तीसमोर जीप थांबली. एकेक जण पुढं येऊन पाया पडायला लागला. ओळखीच्या बायका, म्हातारे, शाळेतले सर.

मग झांज काखेत मारून सम्मेद पुढं आला. आता तो बघेल.

त्यानं वर बघितलंच नाही. वाकला, दोन्ही हातांनी तिच्या पायांना शिवला, हात कपाळाला लावले आणि अगदी मनापासून म्हणाला, "अनुमोदना, ब्राह्मीताई."

आणि रांगेत मागं दुसरे होते म्हणून बाजूला झाला.

त्याची काय चूक? काहीच नाही. तपस्विनीकडं पोरगी म्हणून बघायचं नसतं, हे त्याला घरात शिकवलं होतं, चांगलं शिकवलं होतं. ज्याच्यासाठी ती उपाशी राहिली, त्यानंच तिला देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. ब्राह्मी रडायला लागली. लोक म्हणाले, बघा, कसे भाव दाटून आलेत.

पारणं झालं. अक्कानं पहिला चमचा भरवला. सोयरे जेवून पांगले. संध्याकाळी कस्तुरी पोरीला दुकानात घेऊन आली, ड्रेस खांद्यावर थोडा उतरत होता, तो टाचायचा होता. ट्रायल रूमच्या आरशासमोर तिला उभी करून तोंडात टाचण्या धरल्या आणि म्हणाली, "आता लगेच सुटायचं न्हाई. रोज एकाशन धर, एकवेळ जेव. म्हंजे हेच टिकंल."

"आई, मी हे देवासाठी केलं न्हाई."

कस्तुरीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ठाऊक हाय मला. पहिल्या दिवसापास्नं ठाऊक हाय."

"मग थांबवलं का न्हाईस?"

आई ट्रायल रूमच्या स्टुलावर बसली. "मला वाटलं, एकदा बारीक झालीस की तुला कोण काय बोलणार न्हाई. मला ऐकवत न्हाई गं ते."

"पण सगळ्यांत जास्त तूच बोलतीस."

कस्तुरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पडद्यापलीकडं आण्णा उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते शिडी घेऊन कोपऱ्यावर गेले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले. लोकांनी विचारलं, आण्णा, एवढ्यात? आण्णा म्हणाले, "माझ्या पोरीचा चेहरा न्हाई त्यावर." परत येऊन त्यांनी मागचा निळा तागा खाली ओढला, गजानं मापून कापड सोडत राहिले. कस्तुरी म्हणाली, "अवो, एवढं कशाला?" ते म्हणाले, "तिला ऐसपैस व्हायला पाहिजे." उभ्या जन्मात त्यांनी बायकोला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर.

दिवाळीपर्यंत गाल परत आले. भुवईवरचा व्रण तेवढा राहिला. कस्तुरीनं टेप गळ्यातनं काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. अधूनमधून तिची नजर पोरीच्या ताटाकडं जायची, पण ती मुकाट्यानं वळवायची. अशक्तपणानं बुडलेला क्लास परत धरला, तेव्हा ब्राह्मी निळा ड्रेस घालून गेली. जीपमध्ये सम्मेद तिला बघून धडपडत उठला.

"बसा ताई."

ती बसली नाही. "सम्मेद, मला ताई म्हणू नकोस. मी तपस्वी-बिपस्वी न्हाई. तुला आवडावं म्हणून उपाशी राहिले मी."

जीप सुरू व्हायची होती. तो लालबुंद झाला, तिच्याकडं बघून त्यानं चटकन खाली बघितलं. "मी कुठं म्हटलं होतं तसं?" एवढंच पुटपुटला आणि "सिद्धूबरोबर गाडीवर येतो" म्हणून उतरून गेला. त्यानंतर तो वडापनं कधी आला नाही. क्लासात समोर दिसला की मान डोलवायचा, बस्तीत दिसला की हात जोडायचा.

येताना ब्राह्मीनं स्टँडवर भडंगाचा पुडा घेतला. जीपमध्ये खिडकीशी जागा मिळाली, ती पाय लांब करून, अंग न चोरता बसली. डोळ्यांतनं धार लागलेली, ती तिनं पुसली नाही. पुडा मांडीवर उघडला आणि लसणाचे तुकडे एकेक करून स्वतःच वेचायला लागली.