आत्येचं वय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

मी हिशेबाचा माणूस. आत्ये मालवणच्या बाजारात मासे विकायची. आईमागे तिनंच मला वाढवलं. ती वाटे लावायची आणि मी बांगडे मोजायचो. "मेल्या, मोजतस कित्याक? गिऱ्हाईक पळात!" म्हणायची, आणि मुद्दाम माझ्यादेखत एखाद्या वाट्यावर एक बांगडा जास्तीचा ठेवायची. मला चिडवायला — दुसरं काय?

तिच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. आधार कार्डावरचं वय शिबिरात अंदाजानं टाकलेलं, दहा वर्षांनी कमी. खरं मीच काढून दिलं: माझे वडील जन्मले तेव्हा ती नऊ वर्षांची, म्हणजे आता ब्याण्णव. खूश झाली. मग म्हणाली, "आता आयक. माका नळ्ये घालूक देऊ नको. घराकच ठेव, पेजेची निवळ पाज, नि बाजूक बस." मी हो म्हटलं. तिचा हात हातात घेऊन म्हटलं.

पुढे तिला न्यूमोनिया झाला. अॅम्ब्युलन्समध्ये कसालपर्यंत ती बोलत होती. "खंय व्हरतस रे?" ऑक्सिजन लावून परत येऊया गो, म्हटलं — तेव्हा तसंच मनात होतं.

अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. कार्ड राहू दे, म्हणाल्या, खरं वय सांगा. फार वय असेल तर कृत्रिम श्वास लावून तो सुटेलच असं नाही, त्रास मात्र होतो. घरीही नीट काळजी घेता येते. आजी स्वतः याबद्दल कधी काही बोलल्या होत्या का?

किती सरळ प्रश्न! आणि उत्तर — उत्तर तर मला शब्दन् शब्द पाठ होतं.

"ब्याऐंशीच," मी म्हटलं. "आणि नाही. काही बोलली नव्हती."

नळी घातली. ओढून काढू नये म्हणून तिचे हात बांधले. भेटीच्या वेळेत मी तिचे केस सारखे करायचो. ती माझ्याकडे बघायची — रागानं नाही. तिचा राग मी जन्मभर ओळखत होतो. दाराकडे बघायची, मग माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. तिथेच गेली.

तेराव्याला चुलतभाऊ म्हणाला, "आत्येक काय्येक कमी पडूक दिलंस नाय रे तू." मी मान खाली घातली. सगळ्यांना तो माझा साधेपणा वाटला.

तिला घरी यायचं होतं. हे माहीत असलेला मी एकटाच होतो.