साठवलेला वारा

कॉम्प्युटर खरोखर आपला असायचा, तो काळ मी पाहिला आहे. माझा पहिला कॉम्प्युटर रुसला की मी त्याचं झाकण उघडायचो, धूळ फुंकायचो, आतली एखादी पट्टी काढून पुन्हा बसवायचो, आणि बरेचदा तो मुकाट सुरू व्हायचा. आता सगळं ब्राउझरमध्ये. फोटो तिथं, कागदपत्रं तिथं, माझी प्रोग्रॅमरची नोकरीसुद्धा तिथंच. आणि बिघडलं तर उघडायला झाकणच नाही. माझ्याकडं कायम इतके टॅब उघडे असतात की त्यांची नावंही दिसत नाहीत. बायको म्हणते, "धड एकही वाचत न्हाई, आन् बंदबी करवत न्हाई." खरं आहे.

तरी त्या ब्राउझरचे उपकारच मानायचे. त्याच्यामुळं काम घरून करता येऊ लागलं आणि आम्ही पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लावून माझ्या गावी, वाईला आलो. आल्या आल्या मी धोमच्या धरणात चालवायला एक जुनी शिडाची होडी घेतली. एक डोलकाठी, एक शीड, सुकाणू आणि थोड्या दोऱ्या. कुठली दोरी ओढली की काय होतं, ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या कॉम्प्युटरनंतर इतका आनंद मला कशानंच दिला नव्हता.

बायकोचं मात्र तसं नव्हतं. "तुमचा कॉम्प्युटर, तुमचं गाव, तुमचं शीड. माझं काय हाय इथं?" असं तिनं एकदा चहा गाळताना शांतपणे विचारलं होतं. उन्हाळाभर राहून बघायचं, ती रमली नाही तर परत पुण्याला जायचं, असं आमचं ठरलं होतं. मे संपत आला तरी ती काही बोलेना, आणि विचारायची माझी छाती होईना. मला परत जायचं नव्हतं.

ती सांगलीची. तिथं कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, वल्ह्यांच्या. लहानपणी ती घाटावर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायची. वल्हं मात्र पोरींच्या हातात कुणी देत नसे. शीड म्हणजे आळशी माणसाचा शोध, असं तिचं ठाम मत. माझ्या होडीत वल्हं ठेवायला तिनंच भाग पाडलं. "वल्ह्याबिगर होडी? आमच्या सांगलीत हसतील लोक!" मी नाइलाजानं एकच आणलं.

शेवटी एका रविवारी ती होडीत बसायला तयार झाली. वाऱ्याचा अंदाज दाखवणारं एक पान मी स्वतः लिहिलं होतं. धरणावर रेंज नसते, म्हणून शेवटची माहिती मोबाइलच्या ब्राउझरमध्ये साठून राहील अशी सोयही केली होती. काठावर पोचून पान उघडलं: वारा उत्तम. बायकोनं कृष्णेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आम्ही निघालो.

जेमतेम मध्यावर गेलो आणि शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबलं. मी पुन्हा मोबाइल बघितला. वारा अजून उत्तमच. मग डोक्यात प्रकाश पडला. हा वारा कालचा होता! माहिती कधीची आहे ते पानावर दाखवायचंच मी विसरलो होतो. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडं करणार?

"कुठं हाय वो तुमचा वारा?" बायकोनं विचारलं.

"साठवलाय," मी म्हणालो.

"मग लोणचं घाला त्याचं!" असं म्हणून ती जी हसायला लागली, ती थांबेचना. तिला इतकं हसताना मी किती दिवसांत बघितलं नव्हतं.

मी वल्हं घेतलं. एका बाजूनं मारत राहिल्यामुळं होडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. "सरका तिकडं," ती म्हणाली आणि वल्हं माझ्या हातातून काढून घेतलं. आधी तिनं मला चिंब भिजवलं. मग थोडं या बाजूनं, थोडं त्या बाजूनं असं करत होडी सरळ केली. घाटावर ओरडायची तशी आता स्वतःलाच ओरडत होती, "हाण! हाण!" मी गुपचूप सुकाणू धरून बसलो. मला फार बरं वाटत होतं.

मध्येच दम खायला थांबून तिनं विचारलं, "हेच पाणी फुडं आमच्या घाटाला जातंय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

काठाला लागलो तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते. वल्हं घ्यायला मी हात पुढं केला, तर तिनं दिलं नाही. ते खांद्यावर टाकून ती गाडीकडं चालायला लागली.

"पुण्याच्या फ्लॅटला भाडेकरू बघा," मागं न बघताच ती म्हणाली. "आन् तुमाला दुसरं वल्हं आणा. हे माझं हाय."