समोरच्याचं पटणारे वकीलसाहेब

लिबोरियो स्कार्दामाल्या वकील म्हणून वाईट नव्हते. कायदा पाठ, आवाज खणखणीत, काळा डगलाही अंगाला शोभायचा. खोड एकच: समोरच्या वकिलाचं बोलणं ते मन लावून ऐकत. आणि मन लावून ऐकलं की त्यांना ते पटायचं.

दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या त्यांच्या डोंगरी गावात ही गोष्ट बरीच वर्षं झाकली गेली, कारण समोरचे वकील सहसा पटण्यासारखं काही बोलतच नसत. मग निन्फाबाईंचा खटला आला. त्यांनी गॅलरीत लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातल्या होत्या आणि वरच्या मजल्यावरच्या ओर्तेन्सियाने ओल्याकच्च चादरी नेमक्या त्या माळांच्या वर वाळत टाकल्या. मिरच्यांना बुरशी लागली. सरळ सरळ जिंकायचा खटला. पण ओर्तेन्सियाचा वकील उठून म्हणाला, "पाणी एकदा चादरीतून सुटलं, की ते माझ्या अशिलाचं कसं राहतं?"

लिबोरियो उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढला.

"जज्जसाहेब," ते म्हणाले, "हा प्रश्न फार चांगला आहे."

"वकीलसाहेब, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"तेच बघतोय."

निन्फाबाईंनी पर्स फेकून मारली. ती कारकुनाला लागली.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर लिबोरियोंनी जाहीर केलं, "मी वकिली सोडतोय. शाळेत तत्त्वज्ञान शिकवणार."

सासूबाई इप्पोलिता त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांचा घास हातातच राहिला. "इतके दिवस लोकांना सांगत होते, जावई वकील आहे. आता काय सांगू? विचार करतो?"

बायको एर्सिलियाचं गावात औषधांचं दुकान होतं. तिने शांतपणे पाव मोडला. "आई, घरात तसाही तो तेवढंच करतो. आता त्याचा पगार तरी मिळेल."

तरुणपणी वडिलांच्या नकळत घेतलेली तत्त्वज्ञानाची पदवी ट्रंकेतून निघाली. सरकारी परीक्षा देऊन लिबोरियो गावच्या शाळेत लागले. पहिल्या दिवशी एका पोराने त्यांचं म्हणणं खोडलं, त्यांना ते पटलं, आणि कुणीच काही फेकून मारलं नाही. त्या दिवशी ते घरी शीळ घालत आले.

पुढे मार्कांचं प्रकरण झालं. फियाम्मेत्ता नावाच्या मुलीला दहापैकी चार पडले. पास व्हायला सहा लागत. ती उभी राहिली. "सर, माणूस आधी ठरल्याप्रमाणेच वागतो असं तुम्हीच शिकवलंत. मग मी अभ्यास केला नाही, यात माझा काय दोष?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि चाराचे सहा केले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाचा काही दोष नव्हता.

मुख्याध्यापिका लाग्रोत्तेरियाबाईंनी त्यांना बोलावून फैलावर घेतलं. "नापासांचा दोष नाही, तर मग हुशारांना श्रेय तरी कशाचं? द्या त्यांनाही सहाच!"

बाई टोमणा मारत होत्या. सरांना तो पटला. नऊवाले सगळे सहावर आले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे आईबाप शाळेच्या दारात.

"यापुढे," बाई म्हणाल्या, "मार्क दिल्यावर कुणाचंही ऐकायचं नाही. पोरांचं नाही, पालकांचं नाही, माझंसुद्धा नाही."

"पण हे तुमचंच ऐकून..."

"वर्गावर जा!"

सगळे मार्क पूर्ववत झाले. फियाम्मेत्ताला मात्र सरांनी स्वतःच्याच म्हणण्याविरुद्ध निबंध लिहायला लावला. तिने तो इतका झकास लिहिला की दोघं महिनाभर एकमेकांच्या जुन्या बाजूने भांडत होती.

याच सुमारास लिबोरियो पुस्तक लिहायला बसले. एका प्रकरणात ते एक गोष्ट सिद्ध करत, आणि पुढच्यात तीच खोडून काढत. एर्सिलियाने अट घातली, "दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मला वाचता येईल असं लिही." म्हणून ते दुकानात उभे राहून वाचून दाखवत. खोकल्याचं औषध न्यायला आलेली माणसं खोकत खोकत वाद घालत. जे वाक्य त्यांना कळलं नाही, ते लिबोरियो तिथल्या तिथे खोडत.

पुस्तक छापून आलं. पहिली प्रत इप्पोलिताबाईंनी घेतली. नवरा मरताना त्यांनी त्याला वचन दिलं होतं की पुन्हा रंगीत कपडा घालणार नाही. तेव्हापासून बाई काळ्यातच. भिंग घेऊन त्यांनी पहिली दोन प्रकरणं वाचली आणि जेवताना म्हणाल्या, "मेलेल्याला दिलेलं वचन मोडता येत नाही, असं लिहिलंयस. शाब्बास. वकिलीपेक्षा बरं काम केलंस."

सासूबाईंच्या तोंडून आलेली ती पहिली शाबासकी. लिबोरियोंना दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी चर्चला निघताना इप्पोलिताबाई जिना उतरल्या, त्या निळ्या झग्यात. गळ्याशी पांढरी फुलं. एर्सिलियाच्या हातातली किल्ली खाली पडली.

"आई! हे काय?"

"याला विचार. तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय, वचन घेणाराच उरला नाही तर ते कुणासाठी पाळायचं. मला पटलं."

लिबोरियो घाबरून पुढे झाले. "अहो आई, पण चौथ्यात मी—"

"चौथं मी वाचणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून रस्त्यावर उतरल्या.