ओढूक किती माणसां आसत?

होडी घ्यायला आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला माझ्या सासऱ्यांनी लांबी किती हवी, असं कधी पहिल्यांदा विचारलं नाही. मालवणात आमची होड्या बांधायची शेड. सगळा किनारा त्यांना मेस्तकाका म्हणायचा. माणूस आला, चहा झाला, की त्यांचा एकच प्रश्न: "वर ओढूक किती माणसां आसत?" म्हणजे समुद्रावरून परतल्यावर होडी वाळूवर ओढून घ्यायला हात किती. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

बरं, उत्तर मिळाल्यावर तरी थांबावं? छे! दुसऱ्या दिवशी स्वारी गिऱ्हाइकाच्या किनाऱ्यावर हजर. दिवसभर माडाखाली बसून होड्या वर कशा घेतात ते बघायचं, कुणाचा खांदा दुखतो ते विचारायचं, आणि संध्याकाळी पेजेला घरी. मी कुडाळची, लग्नाआधी एका कंपनीत मालाच्या ऑर्डरी वेळेवर पाठवण्याचं काम केलेली. इथे एका होडीमागे आठवडा नुसता गप्पांत! मी चिडले की म्हणत, "गप गो बाय. आधी किनारो बघूक व्हयो." किनारा काय पळून चालला होता?

शेड मात्र बुडत चालली होती. लाकडी होडी कुणी मागेना, सगळ्यांना फायबरची हवी. काम नाही आलं तर शेडला कुलूप लावून गोव्याला नोकरी धरतो, असं माझ्या नवऱ्याने सांगून टाकलं. मग मीच हट्टाने फायबरचा एक तयार साचा आणवला. एक साचा, एकसारख्या होड्या, झटपट काम. किनारे फिरणं बंद. "मामंजी, लाकूड गेलं, आता तुमचं ते बघत बसणंही पुरे," असं मी तोंडावर म्हणाले. ते नुसते रंधा पुसत बसले.

पहिली होडी शिरोड्याच्या दोन म्हाताऱ्या भावांना दिली. पंधरा दिवसांत थोरल्याचा फोन, होडी फुटली. पूर्वी होडी किनाऱ्याला लागली की अख्खी वाडी ओढायला धावायची. आता मुलं गोव्याच्या हॉटेलांत, किनाऱ्यावर हे दोघंच. जड होडी अर्ध्यावर सोडून दम खात बसले, तोवर भरती चढली आणि लाटांनी ती उलटीपालटी करून टाकली. "होडी बरी आसा गो, पण आमच्यासाठी न्हय," थोरला म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेस्तकाकांनी मला एका शब्दाने टोचलं नाही, त्याचाच जास्त राग आला. तडक शिरोड्याला गेले, दिवसभर बसले, आणि परत येऊन लाकडाचा नवा नमुना तासायला घेतला. आखूड, हलका, खाली वाळूवर घसरायला पट्ट्या. त्यावरून साचा, साच्यातून फायबरची होडी. दोघं भाऊ ती हसत हसत वर घेऊन गेले.

"तुम्हाला फायबरचा राग नव्हता?" मी विचारलं.

"लाकूड काय नि फायबर काय! दर्यात गेलेलो माणूस होडी घेवन घराक येवक व्हयो. तो आपलो धंदो."

एवढं कळत होतं, तर मी साचा आणला तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं, सांगा!

मग दोघादोघांनी ओढायच्या होड्यांचं काम किनाऱ्याकिनाऱ्यावरून यायला लागलं. नवरा गोव्याला गेला नाही. मेस्तकाका पुन्हा दिवसदिवस गायब, आणि मी पुन्हा फोनवर गिऱ्हाइकांची समजूत काढत बसलेली.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. दवाखान्यात न्यायचं, तर घरापासून रस्त्यापर्यंत सगळ्या पायऱ्या आणि गाडी खाली. मी आणि नवरा त्यांना खुर्चीत बसवत होतो, तेवढ्यात बारीक आवाज आला, "उचलूक किती माणसां आसत?"

"मामंजी, आता तरी गप्प बसा! आम्ही दोघंच आहोत."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग मुलाच्या. "मगे मीच जरा हलको होतंय," म्हणाले.

आम्ही खुर्ची उचलली. वजन लागेचना. मला रडू फुटलं आणि रागही आला, इतके हलके होईपर्यंत या माणसाने काही म्हणून सांगितलं नव्हतं. त्या पायऱ्या ते पुन्हा चढले नाहीत.