घरमालकांची हिऱ्याची चकती

सोलापुरात असं एकही घर नसेल, ज्याच्या जमिनीचा आमच्या घरमालकांनी अपमान केला नाही. लग्न असो, बारसं असो, नुसतं कुणाला भेटायला जाणं असो, हे दारातच उकिडवे बसायचे आणि बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघायचे. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत उभा, आणि हे एक फरशी, दुसरी फरशी करत सरकत सरकत आतपर्यंत जायचे आणि मान हलवून सांगायचे, "हितं पोकळ हाय." अकलूजच्या एका ऊसवाल्याने नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला बोलावलं, तर दिवाणखान्यात अकरा फरशा पोकळ बसल्यात असं यांनी भर पंगतीत जाहीर केलं. फरशी यांच्याच शहाबादी फरशीच्या वखारीतून गेलेली होती. तशी आठवण कुणीतरी करून दिली, तेव्हा जिलबी वाढून घेत ते शांतपणे म्हणाले की दगड माझा होता, गवंडी माझा नव्हता.

दगडावर त्यांचा माणसांपेक्षा जास्त जीव. शहाबादकडून ट्रक आला की ते फरशांशी कानडीत बोलायचे. इतर वेळी बोलणं मराठीत, पण दगड तिकडचा, त्याला मराठी कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. फरशीवर पाय ठेवून कुणी बिडी ओढली तर त्याला त्या दिवशी काम नाही. एकदा एक गिऱ्हाईक भाव करताना फरशीला 'धोंडा' म्हणालं, तर यांनी माल द्यायचंच नाकारलं. वखारीचा मुकादम मल्लप्पा या सगळ्यावर काही बोलत नसे. तो एकूणच दिवसाकाठी दहाएक शब्द वापरायचा.

मात्र एका कामात घरमालकांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. जाड फरशीतून दोन पातळ काढणं. फळ्या-मांडण्यांसाठी अशा पातळ फरशीला मागणी फार. फरशी कडेवर उभी करायची, वरच्या कडेला बारीक छन्नी लावायची, हातोडीने हलकेच ठोकत जायचं आणि प्रत्येक ठोक्याला ऐकायचं. दगडाचा थर सरळ उघडत असेल तर आवाज एक येतो, वाकडा जात असेल तर दुसरा. तो दुसरा आवाज वेळेवर ऐकू आला नाही, तर हातात तुकडे. घरमालक डोळे मिटून हे काम करायचे. फरशी उघडली की दोन्ही बाजू पुस्तकाच्या समोरासमोरच्या पानांसारख्या दिसायच्या.

आम्ही वखारीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. वडिलांची बदली झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शाळा पुण्यात, इंग्रजीतून, मराठी घरापुरतं. कॉलेजात मी तोंड उघडलं की मुली एकमेकींकडे बघायच्या, आणि माझा आवाज इतका बारीक की दुकानदारसुद्धा दोनदा विचारायचे. म्हणून मी बोलणंच कमी केलं. दुपारी घरी आलं की जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून खालची वखार बघायची. वखारीच्या मागे घरमालकांच्या दोन खोल्या होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोल्यांत एक स्टो, एक जर्मनचं पातेलं आणि ते. संध्याकाळी कामगार गेले की तेही दारातल्या फरशांवर येऊन बसायचे. मी वर, ते खाली. असे आम्ही दोघं बरेच दिवस एकमेकांशी न बोलता एकत्र बसत होतो.

एकदा आईने भाड्याचं सांगायला मला खाली पाठवलं. ते पाठमोरे काम करत होते. मी "काका" म्हटलं. परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना मी अगदी मागे उभी होते. माझी सावली फरशीवर पडली तेव्हा ते दचकले आणि विचारात होतो म्हणाले. मला माझ्या आवाजाची खात्री नसल्यामुळे मी ते खरं धरलं. पण त्याच आठवड्यात तीन फरशा फुटल्या. मग मी नीट बघायला लागले. पेराने वाजवणारे काका आता रुपयाच्या नाण्याने वाजवत होते. पुढे छन्नीच्या बोथट टोकाने. फुटलेल्या फरशांचा दोष ते खाणीला देत. हल्ली दगडात माया राहिली नाही म्हणत. मी कुणाला काही बोलले नाही. गुपित ठेवायला मला त्रास पडत नसे, सांगायला कोणी नव्हतंच.

एक दिवस त्यांनी मला हाक मारून खाली बोलावलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने हिऱ्याच्या चकत्यांची पुस्तकं पाठवली होती, सगळी इंग्रजीत. पोलादी चकतीच्या कडेला हिऱ्याचा चुरा बसवलेला, वरून पाण्याची धार, आणि विजेवर फिरणारी ती चकती दगड लोण्यासारखा कापते. काका म्हणाले, आता नवं यंत्र घ्यायचं, जुन्या पद्धतीत राम नाही. खरं कारण मला कळलं होतं. चकतीला कान लागत नाहीत. योग्य चकती सापडली तर ते हात चालेपर्यंत पातळ फरशी काढू शकणार होते. नाही सापडली तर छन्नी दुसऱ्याला द्यावी लागणार होती, आणि मग त्या दोन खोल्यांत ते दिवसभर काय करणार, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

रोज दुपारी मी वाचायला बसू लागले. "मोठ्यानं वाच," ते म्हणायचे. "हळू वाचलेलं इंग्रजी फुकट जातं." आयुष्यात कधी आवाज न चढवलेली मी भर वखारीत चकत्यांचे व्यास ओरडून सांगू लागले. कठीण दगडाला मऊ चकती लागते आणि मऊ दगडाला कठीण, हे वाचलं तेव्हा ते खूश झाले, कारण नवराबायकोचंही तसंच असतं असं त्यांचं मत निघालं. व्यापाऱ्याने दगडाचे गुणधर्म विचारले होते. काकांनी सांगितलं: वरून कडक, आतून शांत, उन्हाळ्यात जरा चिडका. मी तसंच इंग्रजी करून पाठवलं. व्यापाऱ्याने नमुना मागवला. चार दिवस निवड चालली, मग एक तुकडा धुऊन, पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून पार्सल झाला. "मध्यम कठीण" असं उत्तर आलं. त्या 'मध्यम'वर ते दोन दिवस रुसून होते.

मग शेवटच्या पुस्तकातला तक्ता मी एका संध्याकाळी घरी वाचला. लहान चकती पातळ होती, पण साडेतीन इंचच आत जात होती. दोन फुटी फरशीत दोन्हीकडून मिळून सात इंच. मधले सतरा इंच तसेच. मोठी चकती मधोमध पोचत होती, पण तीच पाव इंच जाड. पाऊण इंची फरशीतलं पाव इंच तिनेच खाल्लं तर उरणार काय? मी पुन्हा पुन्हा आकडे मांडले. एकाही पुस्तकात कानाशिवाय फरशी उघडणारी चकती नव्हती.

दोन दिवस मी तो तक्ता गाळून चकती कशी साठवावी, पाणी किती सोडावं, हेच वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोरा कागद पुढे केला, लहान चकतीची ऑर्डर लिही म्हणाले. कामगार जेवायला बसले होते. मी हळूच सांगितलं. ते "आं?" म्हणाले. पुन्हा सांगितलं. पुन्हा "आं?" शेवटी मी त्यांनीच शिकवलेल्या आवाजात म्हटलं, "काका, मधलं छन्नीनंच उघडावं लागणार. ऐकावं लागणार."

जेवणारे सगळे आमच्याकडे वळले. मला वाटलं, आता इथून पळून जावं. मल्लप्पाने भाकरी खाली ठेवली, तो उठून आमच्याजवळ आला आणि काकांच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाला, "आमाला म्हाईत हाय की, मालक. वरीस झालं." मग मला कळलं की काका उठायच्या आत रोज सकाळी येऊन हा माणूस फरशा वाजवून बघत होता, आणि उघडायला अवघड त्या मागे लपवत होता.

काकांनी शेजारची छन्नी उचलून धोतराला पुसली. मग त्यांनी ती मल्लप्पाच्या हातात दिली.

चकती नंतर आली, पण नुसत्या कडा कापायला. पातळ फरशी मल्लप्पा काढू लागला. काका शेजारी तळवा दगडावर टेकून बसायचे आणि प्रत्येक ठोक्यानंतर विचारायचे, कसा वाजला? दहा शब्दांचा मल्लप्पा काय सांगणार? "चांगला," म्हणायचा. काकांचं त्याने भागत नसे. चांगला म्हंजे कसा, घागरीवानी का ताटावानी? एका दुपारी मल्लप्पाने हात टेकले आणि माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसले. पेराने फरशी वाजवली आणि पहिल्यांदाच नीट ऐकली. मराठीत शब्द लवकर सापडेना. मग मी मोठ्यानं सांगितलं, "काका, रिकाम्या घरात भांडं ठेवल्यासारखा."

त्यांनी तळवा दगडावरून उचलला नाही. "व्हय," ते म्हणाले. "माझ्या घरात तसंच वाजायचं."