बाळगणे

माझ्या सिंधूमावशीवर अन्याय झाला. पवनीजवळच्या आमच्या कोंढा गावात, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण त्याच वेळी मी बॅग उचलून जर्मनीला निघालो होतो.

अंगणात पोलिसांची धाड आली. मावशीने पहाटे उठून वेचलेल्या मोहफुलांचा सडवा, दारू गाळण्याआधीचा, मडक्यांत आंबत होता. मडकी फुटली, सगळी गल्ली गोड वासाने भरली. पंचनाम्यात लिहिलं: मोहाचा सडवा बाळगला. मावशी म्हणाली, "साहेब, दोन दिस थांबले असते तं पहिल्या धारेची चाखाले भेटली असती." मग माझ्याकडे वळली, "तू काय पाहून राहिला? जाय, पवनीची गाडी निघून जाईन."

मी गेलो. हेही लिहून ठेवतो.

परवा बाव्हेरियातल्या एका खेड्यात, तळघरातल्या छोट्या ब्रुअरीत बसलो होतो. मालक मातियास, आजीच्या कृतीने लागर बिअर करतो. पेल्यात सोनेरी उजेड हलत होता, संध्याकाळी पवनीच्या घाटावरून वैनगंगा दिसते तसा. नाकाशी नेला तर उकडलेलं धान अंगणात वाळतंय असा वास. पहिला घोट पावासारखा, मग हलका कडू, मग नुसता गारवा. डोळे मिटले आणि किती वेळ गेला कळलं नाही.

पण त्याआधी एक चूक केली होती. आपल्याकडची सवय: बोट बुडवून चार थेंब जमिनीवर, पूर्वजांसाठी. मातियास धावत आला, "माशी पडली का?" मी सांगितलं. आपल्या पेल्यातलेही चार थेंब त्याने फरशीवर सांडले.

तोच म्हणाला, लागर म्हणजे साठवण. सहा आठवडे थंडीत सांभाळायची, म्हणून हे नाव. म्हणजे बाळगणंच की! त्याच्या आजीने बाळगली, तिची तसबीर भिंतीवर. माझ्या मावशीने बाळगला, तिची तारीख कोर्टात. संताप येतो तो इथे.

फोनवर मावशीने विचारलं, "तिकडली कशी लागते रे?"

"तुझ्यापेक्षा पातळ."

"मंग पानीच पिऊन राहिला म्हन!"

हसली. पण भट्टी तिने बंद केली आहे. मोहाखाली फुलं पडून सुकतात. कृती फक्त तिच्या हातांत आहे, आणि हात थकले. घर म्हणजे आता मला एवढंच वाटतं: जिथे तिला लपावं लागणार नाही ती जागा.

कोंढ्याच्या येत्या ग्रामसभेत मोहाची दारू गाळण्याच्या परवान्याचा ठराव आहे. गाववाल्या, बाहेर असशील तर आत्ता घरी फोन लाव, सभेला जायला सांग. गावात असशील तर जा, पुढे बस, आणि सगळ्यांना दिसेल असा हात वर कर.