एक लाख तीन फुटत नाही

सर्वांत मोठी संख्या अशी नसतेच, तिच्यात आणखी एक मिळवता येतो. आमच्या किश्श्यांचंही तसंच. आम्ही तिघे निवृत्त गणित मास्तर: मी, सटाण्याकडचा आहेर आणि पाटणकर. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायचं कमी, संख्या फोडायच्या, म्हणजे त्यांचे अवयव पाडायचे, जास्त! हल्ली बाकावर आम्ही दोघंच असतो. करमत नाही.

*

वणीच्या बसमध्ये पाटणकरला एका विद्यार्थ्याचा फोन आला. हा खच्चून ओरडला, "अरे, घाबरतोस काय? आधी अवयव पाड! छोट्यापासून सुरुवात कर, मोठे शेवटी बघू!"

शेजारच्या बाई पिशवी उचलून मागच्या सीटवर गेल्या.

*

त्याचा आवडता खेळ एकच. कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, तिच्यापुढे तीच पुन्हा लिहा. आता सातानं भागा, मग अकरानं, मग तेरानं. पहिलीच संख्या परत हजर!

आहेर वैतागला. "जिथून निघालो तिथंच आलो ना राव! मग एवढा कुटाणा कशाला?"

"यालाच नोकरी म्हणतात," पाटणकर म्हणाला.

*

मूळ संख्या शिकवायला तो बायकोला वर्गात आणायचा. म्हणजे उदाहरणात! "मूळ संख्येच्या घरात दोघंच. एक, आणि ती स्वतः. तिसऱ्या कुणाचा भाग जात नाही. आमच्याकडेही तसंच. सुनंदा एक, मी स्वतः."

पोरं बाकं वाजवायची. सरांना मूलबाळ नाही, हे त्यांना कुठे माहीत असायचं.

*

मग तो विसरायला लागला. दवाखान्यात नेलं, तर केस पेपरचा नंबर एक लाख तीन. बघताक्षणी म्हणाला, "फुटत नाही. सहा अंकी मूळ संख्यांतली ही सगळ्यांत धाकटी!" आहेरनं मोबाईलवर तीनशे तेरापर्यंतच्या (पुढं बघायची गरज नसते) सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. खरंच फुटेना! आम्हाला वाटलं, हा ठणठणीत आहे.

डॉक्टर म्हणाले, "काका, शंभरातून सात वजा करत चला."

"कशाला दमवता? शेवटी दोन उरणार."

डॉक्टर हसले. मग म्हणाले, "बरं, घरी कोण कोण असतं?"

पाटणकर केस पेपरवर उत्तर शोधायला लागला. सुनंदावहिनी त्याचा हात धरून शेजारीच उभ्या होत्या.

*

आता तो कुणालाच ओळखत नाही. परवा गेलो, तेव्हा वहिनी त्याला वरणभात भरवत होत्या. सवयीनं विचारलं, "काय रे, एक लाख तीन फुटते का?"

"नाही," तो चटकन म्हणाला. "तिच्या घरात दोघंच."

"कोण कोण?"

त्यानं वहिनींकडे बोट केलं. "ही एक."

वहिनींच्या हातातला घास हातातच राहिला.

तो स्वतःच्या तळहातांकडे बघत बसला. मग मला म्हणाला, "दुसरं कोण होतं हो?"